पहिली भाकरी

हिन्याच्या अत्तराचा वास आला की रझाकारांच्या काळातला आमचा शेजारी आठवतो. माझ्या दिराला रझाकारांना कुणी धरून दिलं, ते त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मी भाकरी थापत असताना हा शेजारी कधी नव्हे ते अत्तर लावून दारात आला. "वहिनी, दादा कुठं लपलेत? म्या भाकरी पोचवतो." बोलताना त्याची नजर घरभर फिरली, तसा रोज त्याचे हात चाटणारा आमचा कुत्रा केस फुलवून गुरगुरला. मला सगळं उमगलं: दिराला धरून देणारा हाच, अन् अत्तरही रझाकारांकडचंच. आमचे मालक मागच्या कडब्याच्या गंजीतच होते. "परंड्याच्या किल्ल्यात हाईत," मी म्हणाले. तो वळताच गाईसाठी काढलेली पहिली भाकरी मी कुत्र्याला घातली. किल्ल्यात कुणी सापडलं नाही, तेव्हा रझाकारांनी त्यालाच बडवून जन्माचा लंगडा केला. आजही त्या वासानं मला दया येत नाही, भूक लागते.