मुसळीसाठी मिळालेलं बक्षीस

रोहिणीचे वडील मंगळू गुरुजी जव्हारला शिक्षक होते, त्यामुळे तिचं शिक्षण तिथेच झालं. पुढे ती मुंबईला विद्यापीठात गेली. पण रान तिला ठाऊक झालं ते मोखाड्यापलीकडच्या पाड्यावर, सोमीआत्याकडे. आत्याचं घर वाघमाळाच्या पायथ्याशी. आतेभाऊ गोकुळ रोहिणीपेक्षा थोडा मोठा. लहानपणी दोघं मिळून माळावर भाजी खुडायला जात. गवतासारख्या लांब पानांची ही भाजी पाऊस लागला की उगवते, पुढे तिला पांढरी फुलं येतात. जमिनीखाली बोटांसारख्या जाड मुळांचा झुबका असतो. तीच पांढरी मुसळी. पाड्यावरच्या बायका पाला भाजीला नेत, बाळंतिणीसाठी एखादा कंद उकरत, बाकीचं रान तसंच ठेवत.

एम.एस्सी. झाल्यावर रोहिणीने संशोधनासाठी हीच वनस्पती घेतली. १९९७ साल असेल. शहरात तेव्हा मुसळीच्या ताकदीच्या गोळ्यांचा बोलबाला सुरू झाला होता. रोहिणीचा प्रश्न मात्र साधा होता. माणसांची जनगणना होते तशी एका माळावरच्या मुसळीची केली तर काय दिसेल? नवी रोपं किती येतात, त्यातली जगतात किती, म्हातारी किती वर्षं टिकतात?

त्यासाठी प्रत्येक झाडाला ओळख हवी. मग तिने पत्र्याचे छोटे बिल्ले करवून घेतले, त्यावर आकडे ठोकले आणि तारेच्या खुंट्यांनी ते एकेका झाडाशेजारी रोवले. तारा वाकवून द्यायला गोकुळ. मोजणीची दोरी धरायला गोकुळ. चिखलात पाय रुतवून दिवसभर दोघं वाकून असत. पाड्यावरची माणसं हसायची. "गुरुजींची पोर गवताला नाव ठेवते," कोंडी म्हातारी म्हणायची, आणि दोघं माळावर निघाली की भाकरीही बांधून द्यायची.

चार पावसाळे असे गेले. हाती आलं ते चिंतेचंच होतं. मुसळीचं बी भरपूर पडतं, पण रुजतं फारच थोडं. रुजलं तरी पहिला उन्हाळा बहुतेक रोपं काढत नाहीत. सगळा माळ उभा होता तो जुन्या, जाड मुळांच्या झाडांवर. ती काढली, तर पोरं आईबापांची जागा भरून काढू शकणार नाहीत. रोहिणीने हे लिहिलं, ते एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं आणि तिच्या प्राध्यापकांनी तिचं नाव एका राष्ट्रीय पुरस्काराला पाठवलं. वनस्पतींच्या संख्येचे चढउतार अभ्यासणाऱ्या तरुण संशोधकांसाठीचा तो पुरस्कार होता. पस्तिशीच्या आतल्या एकालाच दरवर्षी मिळायचा.

२००२च्या जानेवारीत तो रोहिणीला मिळाला. समारंभ बंगलोरला. मंगळू गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. इंग्रजी भाषणातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण लेकीच्या तोंडून 'मोखाडा' हा शब्द आला तेव्हा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात दाबला.

परत आल्यावर मोखाड्यात सत्कार झाला. हार, नारळ, शाल. वार्ताहराने विचारलं, "मॅडम, हे सगळं कुठं केलंत?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपल्या माणसांसमोर तिला हे विचारत होतं. ती आनंदाने म्हणाली, "आमच्या वाघमाळावर." बिल्ल्यांमध्ये उभी असतानाचा स्वतःचा फोटोही तिनेच दिला. पेपरात तो ठळक छापला गेला. त्याखाली दोन ओळींत मुसळीला शहरात किती मागणी आहे तेही होतं.

त्या पावसाळ्यात तिची मोजणी नेहमीसारखी झाली. मग प्रबंधाच्या धावपळीत ती मुंबईत अडकली. दिवाळीनंतर पाड्यावर आली, तेव्हा आत्याने तिला घोटभर चहा दिला आणि नजर चुकवत म्हणाली, "आताच वर नको जाऊस, बाय. ऊन हाय."

ती गेलीच. माळभर खड्डे होते. दिवाळीपर्यंत मुसळीची पानं वाळून मातीला मिळतात, मग खाली कंद कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. जाणत्यालाही नाही. दिसत होते फक्त बिल्ले. प्रत्येक बिल्ल्याच्या जागी एक खड्डा होता.

गोकुळ एका खडकापाशी उभा होता. तिच्यामागून तो कधी आला ते तिला कळलं नव्हतं. खडकावर त्याने सगळे बिल्ले गोळा करून, माती पुसून, नीट रचून ठेवले होते.

"तुला लागतील म्हून ठेवलं," तो म्हणाला.

"कुणी खणलं, दादा?"

"नाशिककडचा एक व्यापारी आला जीप घेऊन. पेपर होता त्याच्याकडं, तुझा फोटोवाला. म्हणला, ही जागा दाखवा. सगळाच पाडा लागला कामाला."

"आणि तू?"

"मी पन. भात गेलं यंदा. वीटभट्टीवर जायचं तं आईला सोडून जावं लागलं असतं. हे घराशेजारी काम होतं."

"मी तुला सांगितलं होतं ना, जुनी झाडं गेली तर काही राहणार नाही."

"सांगितलंस. जुन्याचा कंद मोठा, हे पन तूच सांगितलंस."

तो टोचून बोलत नव्हता. घडलं तसं सांगत होता, हेच तिला जास्त लागलं. आत्याच्या घरी त्या महिन्यात दोन वेळ चूल पेटत होती, ती कशावर हे तिला आता कळलं होतं. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. गोकुळही गेला नाही.

पुरस्काराच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या वर्षी आधीच्या विजेत्याचं व्याख्यान असे. रोहिणीने पडद्यावर आलेख दाखवला. रेषा सहा वर्षं हलकेच खाली-वर होत होती आणि मग सरळ तळाला गेली. कसं घडलं तेही तिने सांगितलं. फोटो, पेपर, बिल्ले, काहीच लपवलं नाही. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ प्राध्यापक तिच्याजवळ आले. मनाने चांगले गृहस्थ. म्हणाले, "एखादी वनस्पती नाहीशी होताना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजली गेली, असं फार क्वचित घडतं. हे लगेच लिहा. मागच्यापेक्षा मोठा शोधनिबंध होईल."

तिने मान हलवली. लिहिलं मात्र नाही.

प्रयोगशाळेत थोडं बी शिल्लक होतं. ते तिने जूनमध्ये माळावर नेऊन पेरलं. गोकुळने न बोलावता येऊन माती भुसभुशीत करून दिली. काही रोपं वर आली, सुईसारखी बारीक. दोघांनी भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. पण एवढ्याशा मुळात उन्हाळा काढण्याइतकं बळ नसतं, हे तिच्याच प्रबंधात लिहिलेलं होतं. पुढच्या आषाढात तिथे गवत उगवलं, दुसरं काही नाही.

रोहिणी जव्हारच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली. मुंबईहून प्राध्यापकांचे फोन यायचे, एक नवी शिष्यवृत्ती आहे, दुसरा एखादा माळ घे. ती "बघते सर" म्हणायची. दुसरा माळ घ्यायचा म्हणजे तिथेही खुंट्या रोवायच्या, तिथलंही नाव कुठेतरी छापून यायचं. हळूहळू फोन थांबले. मंगळू गुरुजी पाहुण्यांना बंगलोरची गोष्ट सांगत. ती तेव्हा आत स्वयंपाकघरात असे.

गोकुळला शेवटी भिवंडीला गोदामात हमालीला जावंच लागलं. मुसळीचं काम त्या एकाच वर्षाचं ठरलं. खणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका होळीला तो घरी आला तेव्हा रोहिणीही आत्याकडे होती. दोघं ओट्यावर बसले. समोर माळ करपलेला, कुठे कुठे वणव्याने काळा झालेला.

"एखाददोन कुठं खडकात राहिल्या असतील," गोकुळ म्हणाला.

सहा पावसाळे ती त्या माळावर वाकून होती. खडकात मुसळी उगवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"असतील," ती म्हणाली.