आकारामतात्यांचा कंप्युटर का बसायचा

मी क्रांती. उचगावात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला कुणाकडे गेले की लोक आधी माझ्या मागं कोण आलंय ते बघतात. मागं कुणी नसतं. मग मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढते आणि त्यांचा चेहरा हळूहळू जागेवर येतो. माझं तोंड फटकळ आहे, हेही सांगून टाकते. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

या धंद्यात मेलेल्या कंप्युटरचं काही वाटत नाही. तो सरळ असतो. काय जळलंय ते बघायचं, बदलायचं, विषय संपला. डोकं खातो तो मध्येच थिजणारा. घरी दहादा अडतो आणि दुकानात आणला की दिवसभर शहाण्यासारखा चालतो. सासरी आजारी आणि माहेरी ठणठणीत, अशातली गत. असला एक कंप्युटर आकारामतात्यांकडे होता, आणि त्यानं मला अक्षरशः जेरीला आणलं होतं.

आकारामतात्या म्हणजे रत्नागिरी रोडवरच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. उंच, काटकुळे, बारा महिने अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पहाटे बायका अंगणात सडा मारत असतात तेव्हा तात्या संस्थेचं शटर वर करत असतात. लोक किटल्या घेऊन येतात, दूध काट्यावर ओततात, नमुना मशिनीत जातो, फॅटचा आकडा कंप्युटरवर उमटतो आणि पावती बाहेर येते. तात्या ती पावती हातात देता देता विचारतात, ‘‘शालूबाई, सरकी संपली व्हय गं? म्हस उतरली की फॅटला.’’ आणि सरकी खरंच संपलेली असते. गावातल्या प्रत्येक म्हशीचा स्वभाव त्यांना ठाऊक. माणसांचाही असणार, पण त्याविषयी ते बोलत नाहीत.

कंप्युटर संस्थेत आला तेव्हा तात्यांनी साठी ओलांडली होती. गावानं पैज लावली होती की हा माणूस आठवड्यात हात टेकणार. तात्या एका बोटानं शिकले. जत्रेत नातवाला शोधावं तसं ते एकेक अक्षर शोधायचे आणि सापडलं की हसायचे. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते बटण दाबण्याआधी बोट स्वेटरला पुसत होते. मला हा माणूस तिथंच आवडला.

इतर लोक ‘हँग झाला’ म्हणतात. तात्या म्हणायचे, ‘‘बसला.’’ नांगराचा बैल ऐन नांगरटीत बसतो, तसा. बैल बसला की चाबूक ओढायचा नाही, त्याला काय होतंय ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कंप्युटर थिजला की ते त्याला थापट्या मारत नसत. शेजारी उभे राहून म्हणत, ‘‘ऊठ की बाबा, लोकं खोळंबल्यात.’’

आणि लोक खरंच खोळंबायचे. ऐन गर्दीत स्क्रीन थिजायचा, माऊस मरायचा, पावती निघायची नाही. मागं रांग, बाहेर दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसलेला. बंद करून पुन्हा चालू केला की शेवटच्या दोन-चार जणांच्या नोंदी गायब. मग तात्या आठवणीनं सांगणार, तुझं इतकं होतं, तुझं तितकं. लोक ऐकायचे, पण कुरकुरत. सगळ्यात मोठा आवाज शालूबाईंचा. ‘‘तात्या, ह्यो डबा हिरीत टाका आनि वही काढा बगू!’’

संस्थेचा चेअरमन राजवीर. वयानं माझ्याच बरोबरीचा, दुग्धव्यवसायाचा डिप्लोमा केलेला. माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्यानं ठरवून टाकलं की दोष कंप्युटरचा नाही, तात्यांचा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काहीतरी भलतं दाबलं जात असणार. रविवारी सभासदांची सभा होती. तिथं तात्यांना नारळ-शाल देऊन मानानं मोकळं करायचं आणि कंप्युटरचा कोर्स केलेला नवा माणूस बसवायचा, असं त्यानं आठजणांना आधीच सांगून ठेवलं होतं.

हे मला तात्यांनीच सांगितलं. कंप्युटर तिसऱ्यांदा दुकानात घेऊन आले होते, रिक्षात मांडीवर ठेवून. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाले, ‘‘बायकू गेली, माझी बया. पोरगा पुण्याला. रान वाट्यानं दिलंय. ही खुर्ची गेली तर सकाळी उठायचं कशाला, पोरी?’’

मी म्हणाले, ‘‘पाणी प्या आधी.’’ आणि कंप्युटर उघडला.

तोवर मी काय काय केलं नव्हतं? रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. हार्ड डिस्क तपासली. व्हायरस म्हणून सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकलं. पंखा साफ केला, प्रोसेसरची पेस्ट नवी लावली. संस्थेत जाऊन वायरिंग बघितलं, अर्थिंग बघितलं. तात्यांना फोन करून जायची, तेव्हा टेबल चकचकीत पुसलेलं, कंप्युटर समोर मोकळा ठेवलेला, शेजारी माझ्यासाठी वाफाळता चहा. मी आतलं तापमान बघायची, अगदी बेताचं. दोन तास बसायची, तो हूं की चूं करायचा नाही. मी निघून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, ‘‘पोरी, बसला की गं.’’ त्या आठवड्यात मी घरात भांडी जरा जास्तच आपटली.

सभेच्या आधीच्या सोमवारी मला मलकापुरात एका पतसंस्थेचं काम होतं. सकाळी लवकर मोपेडवर निघाले. तात्यांचं गाव वाटेतच लागतं. गारठा होता, चहाची तलफ आली होती, म्हणून न कळवता संस्थेकडे वळले. आत रांग होती. रांगेच्या कडेकडेनं पुढं गेले, आणि टेबलाखाली बघते तर कंप्युटरचा डबा दिसेना.

तिथं एक झूल होती. बैलाच्या पाठीवर घालतात ती. लाल, भिंगं लावलेली, कडेला पिवळे गोंडे, एका बाजूला घामाचा जुना डाग. वरून, मागून, दोन्ही अंगांनी नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेली. पुढं फक्त बटणापुरती फट ठेवली होती.

तात्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. बनियनवर असताना दारात व्याही उभा राहावा, तसं त्यांचं झालं. झटकन वाकून ते सुतळी सोडायला लागले. ‘‘अगं, तू येणार हाईस ते सांगितलं न्हाईस की!’’

‘‘थांबा. हात लावू नका,’’ मी म्हणाले आणि झुलीखाली हात घातला. कंप्युटरचा पत्रा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता.

रांग संपेपर्यंत मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असेल. झूल मात्र काढायला लावली, आणि त्या सकाळी कंप्युटर एकदाही बसला नाही. शेवटचा माणूस गेल्यावर विचारलं, ‘‘तात्या, हे काय हाय?’’

‘‘हौश्याची झूल. बैल इकला, पर ही न्हाय दिली. बयानं शिवलीया, बेंदराच्या सणाला घालायचो.’’

‘‘ती कंप्युटरला का घातलीया?’’

‘‘बसवायला आलेल्या पोरानं सांगितलंतं की. ओल आनि धूळ, दोन्हीपास्नं जपा म्हणून. आमच्याकडचा पाऊस तुला म्हाईत न्हाय व्हय? भिंतीला हात लावला तर वला हुतोय. म्हटलं, ह्येला गारठा नगं लागायला. आनि बसाय लागला तसं वाटलं, गारठलाच हाय. मग आनि घट्ट बांधाय लागलो.’’

‘‘आणि मी यायच्या आधी काढून ठेवत होता?’’

‘‘मग? पावणं येणार आनि टेबलाखाली जित्राबाचं जुनेर? बरं दिसतंय व्हय ते?’’

मी कपाळावर हात मारला. पाहुणे यायच्या आधी आमच्याकडे घरोघरी फाटकी वाकळ कपाटामागं जाते आणि ठेवणीतली चादर पलंगावर येते. मी दरवेळी त्या ठेवणीतल्या कंप्युटरला तपासत होते. रोजचा कंप्युटर मला कुणी दाखवलाच नव्हता. आणि दुकानात येताना तो बिचारा बिनझुलीचा यायचा, वाऱ्यावर असायचा, मग कशाला थिजेल?

मग माझं तोंड सुटलंच. ‘‘तात्या, त्येला गार न्हाय लागत, त्येला गरम हुतंय! आतली गरम हवा मागच्या जाळीतनं बाहेर जाती. तुमच्या तोंडावर कुणी वाकळ दाबून धरली तर तुम्ही काय कराल?’’

तात्या खुर्चीत बसले. त्यांनी वाकून मागच्या जाळीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘‘म्हंजी मीच गुदमारत हुतो त्येला?’’

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. त्या वेळी मला ‘नाही’ म्हणायचं होतं. म्हणाले, ‘‘व्हय. पण आता न्हाय.’’ झुलीची घडी करून त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, ‘‘ह्यातलं कुणाला सांगू नका. रविवारी मी येते सभेला. एक भाग खराब होता, बदलला, एवढंच सांगते.’’ पतसंस्थेचे लोक त्या दिवशी माझ्यावर ओरडले, कारण मी उशिरा पोचले. मी त्यांना दुप्पट ओरडले.

आठवडाभर कंप्युटर थिजला नाही. रविवारी संस्थेच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. कोपऱ्यातल्या ताटात नारळ आणि शाल होती, ती मला आल्या आल्या दिसली. राजवीरनं मलाच उभं केलं. ‘‘क्रांतीताई, तुम्ही सांगा, नेमका दोष कशात होता?’’

मी गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक रडलं तरी नाही. त्या दिवशी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘आतला एक भाग खराब होता. बदलला. आता काही होणार नाही.’’

‘‘खोटं हाय त्ये,’’ मागून आवाज आला. तात्या उभे होते. ‘‘पोरगी माझ्यापायी खोटं बोलालीया. भाग-बिग काय न्हाय. गारठा नगं लागायला म्हणून मी कंप्युटरला बयानं शिवल्याली बैलाची झूल बांधत हुतो. तेनं त्यो तापत हुता. तुमचा सगळ्यांचा जो खोळंबा झाला, त्यो माझ्यामुळं झाला.’’

क्षणभर कुणाला कळेना काय ऐकलं ते. मग एक जण फिसकन हसला आणि अख्खी शेड हसायला लागली. तात्या खाली बघत तसेच उभे राहिले. मला त्या प्रत्येकाच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला. राजवीर हसला नाही, पण म्हणाला, ‘‘बघा, मी काय म्हणत होतो?’’ आणि ताटाकडे वळला.

तेवढ्यात शालूबाई उठल्या. रांगेत सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या त्याच. मला वाटलं, झालं, आता उरलंसुरलंही गेलं.

‘‘चेअरमन, ती शाल ठेवा तितंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चूक झाली ह्येची, व्हय, झाली. माझं दूध नासलं, मी शिव्या बी दिल्या. पर ही चूक कशानं झाली? जीव लावल्यानं झाली. लोखंडाच्या डब्याला गार लागंल म्हणून बायकूच्या हातची झूल घातली ह्या माणसानं. तुमचा नवा माणूस बी चुकणार, माणूसच हाय त्यो. त्यो कशापायी चुकंल, ते सांगा मला. मग बदलू.’’

राजवीरनं ताटाकडं गेलेला हात मागं घेतला. हसणाऱ्यांचं हसू थांबलं. मी नाक पुसायचं निमित्त करून दुसरीकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, रडतच होते. शेवटी राजवीरनंच विचारलं, तात्या राहावेत असं कुणाकुणाला वाटतंय. बायकांचे हात आधी वर गेले, मग त्यांच्याकडे बघून पुरुषांचे. मीही हात वर केला. ‘‘ताई, तुम्ही सभासद न्हाय,’’ राजवीर म्हणाला. मी हात खाली घेतला नाही. नारळ तिथंच फोडला आणि सगळ्यांना वाटला.

या धंद्यात फोन येतो तो बिघडल्यावर. दुरुस्त केलेलं नीट चालतंय, हे सांगायला आजवर कुणी फोन केला नव्हता, आणि करावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवत होते, तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर तात्यांचं नाव.

‘‘तात्या, बसला काय?’’

‘‘न्हाय गं. उठलोय, आलोय, रांग लागलीया. सगळं चालू हाय. म्हटलं, तुला सांगावं.’’

तेव्हापासून रोज फोन येतो. बोलणं तेवढंच. मी ‘बरं तात्या’ म्हणते आणि ठेवते. मध्ये एकदा पाऊस-वाऱ्यात त्यांच्याकडे रेंज नव्हती आणि फोन आला नाही. मी चहा तसाच टाकला, मोपेड काढली आणि भिजत संस्थेत जाऊन बघून आले.