दार पाहायला गेलेले मारोतराव

दारावरून घर ओळखावं आणि घरावरून माणूस, हा मारोतरावांचा आयुष्यभराचा सिद्धान्त होता. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्याला मोठा मान होता. या सिद्धान्तानुसार त्यांनी थोरल्या दोन मुलींसाठी आलेली पाच स्थळं नाकारली. त्यांतले दोघे पुढे वर्ग एकचे अधिकारी झाले आणि तिसऱ्याच्या घराला आता आपोआप उघडणारं काचेचं दार आहे.

मारोतराव सुतार आणि माझे शेजारी. स्थळ पाहायला गेले की ते मुलाकडे फारसं बघत नसत. चौकटीवर बोट फिरवत, बिजागऱ्या पाहत, दार दोनदा लावून उघडत. तेवढा वेळ कोणीतरी बोलत राहायला हवं, म्हणून मला सोबत नेत. "माणसं पाव्हण्यासमोर गोड बोलते, सर," ते म्हणत, "दाराले ते जमत नाही."

हे ऐकायला गमतीचं वाटे, पण त्यामागचं कारण गमतीचं नव्हतं. त्यांची थोरली बहीण सासरी तीन आठवडे तापात पडून होती आणि घरात कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ती वाचली, पण मारोतराव ते विसरले नाहीत. त्या घराचं दार कुरकुरत असे, एवढंच ते सांगत.

त्यांना तीन मुली. बायको शांताबाई पहाटेच कामावर जात, त्यामुळे शाळेच्या वेण्या घालणं मारोतरावांकडे होतं. कानावर पेन्सिल खोचून ते पाटावर बसत आणि एकेकीचं डोकं पुढ्यात घेत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि भांग एक सूत जरी सरकला तरी पूर्ण वेणी सोडून पुन्हा घालत. मुली शाळेत उशिरा पोचत, पण सरळ भांगाच्या पोचत. वर्गाच्या बाईंनी उशिराबद्दल विचारलं की धाकटी वर्षा सांगे, "बाबा रंधा मारून राहिले होते."

याच वर्षानं पुढे सीताबर्डीच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि आपल्या वडिलांचा चष्मा करायला आलेल्या निखिलशी लग्न ठरवलं. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात होता. मारोतरावांनी विरोध केला नाही. रीतसर घर पाहू, एवढंच म्हणाले. आम्ही हिंगण्यालाच त्याच्या घरी गेलो. निखिलच्या वडिलांनी आतून दाराशी बराच वेळ झटापट केली आणि शेवटी आम्हालाच बाहेरून खांदा लावायला सांगितलं. पावसानं जरा फुगते, म्हणाले. मारोतरावांनी पोहे खाल्ले, त्यावरचा झणझणीत रस्सा, तर्री, परत मागितली नाही, आणि मी ओळखलं.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "चार माणसं रोज खांदा मारते, सर. एकाच्याही मनात आलं नाही का रंधा आणावा. माही पोरगी तिथं तापानं पडली तं कोण पाहीन?"

वर्षा आतून आली. "बाबा, तुम्ही पोरगं पाहाले गेले होते का दार? मले दाराशी लग्न करायचं आहे काय?"

"तुले नाही समजत वं," ते म्हणाले.

यावर ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं भांग वाकडा पाडायला सुरुवात केली. कपाळापासून निघून कानाकडे वळणारा, बघणाऱ्याला तिरळं करेल असा. तो घेऊन ती दिवसातून दहा वेळा वडिलांसमोरून जाई. मारोतराव मान वळवत, पाणी पीत, अंगणात जाऊन बसत. शांताबाईंनी मला सांगितलं, की ते नीट जेवत नाहीत. आठव्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "सर, गाडी काढा."

हिंगण्याला त्यांनी कोणाशी न बोलता दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि अंगणात आडवं धरायचा प्रयत्न केला. घरचे लोक चहा विचारत राहिले. तेवढ्यात निखिल पाळी संपवून आला. त्यानं डबा खाली ठेवला आणि दाराचं दुसरं टोक धरलं. काय चाललं आहे, किती वेळ लागेल, एका शब्दानं विचारलं नाही. दीड तास मारोतराव रंधा मारत होते आणि तो घामानं निथळत धरून होता. मध्ये एकदा त्याच्या हातात लाकडाची कूस शिरली, ती त्यानं दातानं काढली आणि परत धरलं.

परतताना मारोतराव हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीवर मागे बसले. मग म्हणाले, "त्याले दारातलं काहीच समजत नाही. पण धरून राहते." घरी आल्यावर त्यांनी वर्षाला पाटावर बसवलं आणि तिचा भांग सरळ केला. तिनं तो करू दिला. लग्नात मारोतरावांनी जावयाला आपला स्वतःचा रंधा दिला.

मागच्या थंडीत ते गेले. शोकसभेत कुठल्याशा मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना काष्ठशिल्पाचे तपस्वी म्हटलं, आडनाव दोनदा चुकवलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. वर्षाला त्याआधीच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, तेव्हा निखिल नऊ दिवस रजा टाकून उशाशी बसला होता, हे तिथं कोणी बोललं नाही.

परवा मी हिंगण्याला वर्षा-निखिलकडे गेलो होतो. मारोतरावांचा रंधा त्यांनी शोकेसमध्ये ठेवला आहे. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. दार पुन्हा फुगलं आहे. मला खांदा मारून आत जावं लागलं.