अख्खा कोयता

ऊसतोडीहून परतलेला ट्रक वस्तीवर रिकामा होत असतानाच साळवे सिस्टर तिथे पोचलेल्या असत. भांडी, गोधड्या, शेळ्या उतरत असायच्या आणि त्या मधोमध बसून रक्त काढायच्या. धारूरजवळच्या वस्तीवर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो, तो आमच्या संस्थेचा ‘गुप्तरोग तपासणी शिबिर’ असा फलक घेऊन. त्यांनी तो उलटा अंथरला आणि त्यावर बसल्या.

“पत्रकवाले साहेब, हे वाचून तुमी तरी आला असता का?”

नसतो आलो.

सहा महिने पाचटाच्या खोपीत राहायचं, ना मोरी ना आडोसा. त्याची लाज कारखान्याला नाही, मुकादमाला नाही. परतल्यावर आजार निघाला की बाईचं चारित्र्य तपासायला मात्र अख्खं गाव मोकळं. मुकादम नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो. आमच्या पत्रकात या शब्दाचा निषेध होता. सिस्टर नेमका तोच वापरायच्या. एकट्या बाईला औषध दिलं तर आजार घरातूनच तिच्याकडे परत येतो, म्हणून “अर्धा कोयता तपासून काय उपेग?” असं म्हणत नवऱ्यालाही बसवायच्या.

त्याच वस्तीवरची सविता चार महिन्यांची गरोदर होती. आधीची दोन बाळं मेलेलीच जन्मली होती, आणि सासूनं आपल्या लेकासाठी दुसरी बायको बघायला घेतली होती. दोघांच्या रक्तात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली; बाळं त्यानंच दगावत होती. सासूनं दारातूनच विचारलं, खोट कुणात आहे?

“कोयत्यात,” सिस्टर म्हणाल्या. “दोघांला तीन-तीन सुया. आठवड्याला एक.”

बाहेर आल्यावर मी भांडलो. बाईला अर्धी मोजणारा शब्द तुम्ही चालवून घेता, म्हणालो.

“वंगाळच हाय. पण आज त्याच्याआड ती उभी हाय. तिचं बाळंतपण होऊ दे, मग काढ पत्रक.”

दुसऱ्या सुईला नवरा आलाच नाही. सिस्टर गुडघे चोळत वडवणीच्या बाजारात गेल्या, त्याच्याशेजारी बसून चहा प्यायल्या आणि त्याला घेऊन आल्या. झापलं का नाही, असं मी विचारलं.

“लाजला हुता त्यो. लाज पायी येती, बाबा. तिला यष्टी न्हाई.”

तिन्ही सुया झाल्या, दोघांच्या. जूनमध्ये सिस्टरांचं कंत्राट संपलं. नवं केलं नाही, निरोपाचा नारळसुद्धा नाही. मी तीन कार्यालयांना संतापाची पत्रं लिहिली. त्या म्हणाल्या, शिव्या लिहिण्यापेक्षा नव्या बाईसाठी वस्त्यांच्या वाटा लिहून ठेव. मी ठेवल्या. नवी बाई आलीच नाही.

सविता सप्टेंबरात बाळंत झाली. मी सिस्टरांना फोन केला. मुलगा की मुलगी, हे त्यांनी विचारलं नाही.

“रडलं का?”

“रडलं.”

मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “त्याचंबी रक्त तपासून घे. सांगायला आता तिथं दुसरं कोण हाय?”