धक्का ते बोरीबंदर, अठ्ठावीस मिनिटं

वैशाख शुद्ध सप्तमी. ऊन कडक, वारा पडलेला.

रोजनिशीत त्या दिवसाचं एवढंच आहे. बाकीचं लिहायला हात धजला नाही. पण तुमच्यापासून काय लपवायचं? ऐका माझी फजिती!

भाचीचं लग्न पुण्याला, दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त. मुलीचे वडील, म्हणजे माझे भावोजी, रत्नागिरीला कज्ज्यात अडकलेले. ते आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणार आणि मी त्यांना घेऊन बोरीबंदरहून साडेबाराची गाडी पकडणार. पुढची गाडी मुहूर्त टळल्यावर पोहोचणारी. ही चुकली तर कन्यादान कोण करणार?

धक्का ते बोरीबंदर हे अंतर मी आधीच दोनदा चालून मोजलं होतं. अठ्ठावीस मिनिटं! शिवाय आपल्या मुंबईची दुहेरी वेळ तुम्हाला ठाऊकच आहे: रेल्वेचं घड्याळ मद्रासच्या वेळेवर, गावाच्या अर्धा तास पुढे. म्हणून आदल्या दिवशी लिहून ठेवलं, ‘उद्या घड्याळ अर्धा तास पुढे करणे.’ मग वाटलं, विसरलो तर? लगेच करूनही टाकलं. सकाळी रोजनिशी उघडली आणि लिहिल्याबरहुकूम पुन्हा अर्धा तास पुढे केलं!

भावोजी बोटीतून उतरले तेव्हा माझ्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं. अठ्ठावीस मिनिटांची वाट, हातात पंचवीस! भाड्याची घोडागाडी, व्हिक्टोरिया, एकही शिल्लक नाही.

“पळा, भावोजी!”

“अहो रामभाऊ, जमिनीला पाय तरी टेकू द्या!”

“मुलीचं लग्न उद्याच आहे ना? मग पळा!”

ट्रंक हमालाच्या डोक्यावर, उपरणं माझ्या काखेत, भावोजींचं पोट पुढे आणि भावोजी मागे. मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण थबकलीच. “अगो बाय! यातला चोर कंचा?”

धापा टाकत स्टेशनात शिरलो, तर तिथल्या घड्याळात बाराला पाच कमी! गाडी निवांत उभी. भावोजी बाकावर कोसळले. माझा जीव भांड्यात पडला.

“रामभाऊ,” ते म्हणाले, “मुलीच्या बापापेक्षा तुमच्या घड्याळालाच लग्नाची घाई!”

तेव्हा कुठे सकाळचा घोटाळा लक्षात आला. शरमलो. मग शांतपणे विचार केला: दोनदा पुढे केलं, तर दोनदा मागे करायला नको का? केलं.

भावोजींच्या घशाला कोरड पडलेली, आणि नळाच्या पाण्याला ते शिवत नसत. त्यांना सामानासकट डब्यात बसवलं आणि लोटा घेऊन स्टेशनाजवळच्या मैदानातल्या विहिरीवर गेलो. तिथे ही गर्दी! घड्याळ पाहिलं. पुष्कळ अवकाश. शेजारी उभ्या गृहस्थांना मी धक्क्यापासूनची पावलंसुद्धा सांगितली. त्यांनी विचारली नव्हती.

परतलो तेव्हा माझ्या घड्याळात बरोबर बारा. आणि गाडी हलत होती!

खिडकीतून भावोजी अर्धे बाहेर. “अहो, आता कुठली वेळ लावलीत?”

“गावची!” मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता डोक्यात उजेड पडला. एकदाच मागे करायचं होतं हो!

गाडी रेल्वेच्या वेळेने साडेबाराला सुटली. भावोजींनी मुहूर्तावर कन्यादान केलं. मी पुढच्या गाडीने गेलो, दुसऱ्या पंगतीला पोहोचलो.