लंकाबाईची राहिलेली कामं

नेवाशाच्या भिमाजी सुताराच्या हाताला गुण होता, हे कबूल. गाडीचं चाक करावं तर त्यानंच. पण घरचं काम? नाव काढू नका! ज्याच्या हातच्या तिफणी गावोगाव चालायच्या, त्याच्या स्वतःच्या खाटेचा पाय मात्र विटेवर टेकलेला. त्याची बायको लंकाबाई रोज पहाटे चूल फुंकता फुंकता कामं म्हणून दाखवायची, देवाची नावं घ्यावीत तशी. "आवं, खाटेचा पाय. फडताळाची कडी. पोळपाट हलतोय. मोरीवरची फळी. आज तरी करताल का?" गोधडीतून उत्तर ठरलेलं. "उद्या करतो."

लढाई सुरू झाली, रॉकेल कंट्रोलवर गेलं, पण भिमाजीचा उद्या काही उजाडला नाही. मग एका पौषात लंकाबाईला ताप भरला आणि बघता बघता ती गेली.

राख सावडून आल्याच्या दुसऱ्या पहाटे चुलीकडून आवाज आला. "आवं, खाटेचा पाय..." भिमाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चूल थंडगार होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. "उद्या करतो," तो कसाबसा म्हणाला, तसा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याला भीती वाटेना. उलट तो पहाटेची वाटच बघू लागला. कामाला हात लावायचा नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. कामं झाली की ती कशाला येईल?

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड मांडले. कावळे बाभळीवर बसले, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. सोयरे चुळबुळायला लागले. भिमाजीची थोरली बहीण छबूबाई पुढं झाली.

"भिमा, तिचं कायतरी राहिलंय. शब्द दे, म्हंजी शिवंल कावळा."

काय राहिलंय ते अख्ख्या गावाला ठाऊक. भिमाजीच्याच तोंडून शब्द फुटेना. शब्द दिला की ती जाणार, आणि पहाट मुकी होणार. शेवटी बहिणीनं ढोसलं तसा तो पुटपुटला, "करतो, लंके. समदं करतो. उद्या."

'करतो' ऐकून एक कावळा जरा खाली उतरला होता, तो 'उद्या' म्हणताच उडून पुन्हा फांदीवर जाऊन बसला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "कावळ्याला बी ठावं हाय!"

छबूबाईला हसू आलं नाही. "मेल्या, हितं बी उद्याच? तान्हेली असंल रे ती. जिती व्हती तवा ताटकळली, आता बी ताटकळत ठिवतो व्हय?"

हे भिमाजीच्या काळजात घुसलं. पहाटेच्या त्या आवाजाला रोज जास्त दम लागत होता. त्याला ते ऐकू येत होतं, आणि तरी त्यानं कानाआड केलं होतं. तो पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोशी खरं बोलला.

"लंके, माज्याच्यानं न्हाई व्हायचं. आज न्हाई, उद्या न्हाई. तू माजी वाट नगं बघू. जा."

फडफड झाली. कावळा उतरला तो थेट पिंडावर. "शिवला, शिवला!" सोयऱ्यांनी हात जोडले. छबूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

भिमाजीनं दगड उचलला आणि तो कावळ्याला हाकलायला धावला. एवढी घाई त्यानं जन्मात कधी केली नव्हती.