जळका पंप परत देण्याआधी

आज सकाळी भरे गावात सखारामदादांना पाहायला गेले. परवा फवारणी करताना पाठीवरच्या पंपाची बॅटरी फुटली आणि त्यांची पाठ भाजली. ते पालथे पडून होते.

"जळका पंप कुठे आहे?" मी विचारले.

"दुकानदारानं नेला, वकीलबाई. लई भला माणूस! नवाकोरा दिला. बिलबी त्यानंच ठिवलं."

अशा भोळेपणाची मला चीड येते. बदली पंप घेतल्याने इजेची भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही. परंतु पुरावाच देऊन टाकल्यावर ग्राहक आयोगापुढे दोष सिद्ध कशाने करायचा?

वहिनी म्हणाल्या, "रोजचं दुकान हाय, भांडायचं कशाला?"

कोपऱ्यात त्याच कंपनीचा नवा पंप चार्जिंगला लावला होता. उद्या तो वहिनी पाठीवर घेणार आहेत.

मित्रहो, या भलेपणाला तुम्ही काय म्हणाल?